काळ शिकवणारी दोरी

मी एक जुनी दोरी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! कपडे वाळत घालण्यासाठीच माझा जन्म झाला, पण कपडे काही माझ्या नशिबी आले नाहीत. कारखान्यात मला पीळ दिला, दुकानात गुंडाळून टांगले आणि इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विकत नेले.

बाईंनी मला वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधले. मधोमध लाल चिमटा लावला. "हा चिमटा म्हणजे आत्ता. डावीकडे झालेलं, उजवीकडे व्हायचं," त्या म्हणाल्या. होऊन संपलेल्या गोष्टीला डावीकडे एक चिमटा पुरे. त्या वेळी चालू असलेल्या गोष्टीला पसरलेला रुमाल. आणि मागे सुरू होऊन अजून न संपलेल्या गोष्टीला मागच्या चिमट्यापासून थेट लाल चिमट्यापर्यंत लांब फीत. बारा काळांची नावे ऐकून ज्यांच्या चेहऱ्यावर बारा वाजायचे, तेही मला बघून हसू लागायचे. काय तोरा होता माझा तेव्हा!

त्या वर्गात शिवणकाम करणाऱ्या एक मावशी येत. त्यांची नात दूरदेशी जन्मली, तिकडेच वाढली. तिला इंग्रजीच येई. दर रविवारी फोनवर "हाऊ आर यू", "फाइन" झाले, की दोघी गप्प. मग नात फोन आईच्या हातात देऊन पळे.

"बाई, मला एकदा तरी तिच्याशी पोटभर बोलायचंय हो," मावशी म्हणत. "पोर मोठी होऊन जाईल, आणि मी आपली फाइन-फाइनच करत बसेन!"

एका रविवारी बाई म्हणाल्या, "आज इथूनच लावा फोन. अडलात तर दोरीकडे बघा."

मावशींनी फोन लावला. नेहमीची दोन वाक्ये संपली. पलीकडून "मम्मी!" अशी हाक ऐकू आली.

"वेट!" मावशी जवळजवळ ओरडल्याच. त्यांनी माझ्यावरची फीत घट्ट धरली. "आय हॅव बीन..." पुढे शब्दच फुटेना. शब्द सुचवायचा नाही म्हणून बाईंनी ओठ मिटून घेतले. माझे तर 'दे माय धरणी ठाय' झाले. पण पोरीने फोन दिला नाही. ती थांबली.

"...स्टिचिंग अ फ्रॉक फॉर यू."

"सिन्स व्हेन?" पोरीने विचारले.

मावशींचा हात फितीवरून डावीकडे सरकत टोकाशी गेला. "सिन्स यू वेअर बॉर्न. यू ग्रो, आय ओपन. अगेन आय स्टिच."

नातीला कधी जवळ घेतलेच नव्हते, तर माप कुठून मिळणार? म्हणून दरवर्षी तोच फ्रॉक अंदाजाने उसवायचा, कापड जोडायचे आणि पुन्हा शिवायचा. हे त्यांनी आम्हालाही कधी सांगितले नव्हते. पोरीने प्रश्नांचा नुसता भडिमार केला. मावशी चुकत होत्या, डोळे पुसत होत्या, पण बोलत होत्या.

त्यानंतर मावशींना माझी गरज उरली नाही. पुढे बाई थकल्या, वर्गही बंद झाला. आता मी कपाटाच्या तळाशी पडून असते. शिकून गेलेले कुणी दोरीला भेटायला येत नाही. फार एकटे वाटते हो.

मित्रांनो, मला खुशाल कपडे वाळत घालायला न्या. मात्र कुणी आजी तुमच्या भाषेत चाचरू लागली, तर फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका. जरा थांबा. तिचे वाक्य अजून संपलेले नसते.