साधूचा झगा

मित्रांनो, मी एक जुना तपकिरी झगा आहे. लोक मला साधूचा झगा म्हणतात, पण जन्मानं मी पडदा. इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, दान आलेल्या जुन्या कपड्यांत घडी होऊन पडलो होतो. दोन हजार तीन साली यमुनाबाईंनी मला तिथून उचललं. त्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीतून निवृत्त झालेल्या. कापडाला न विचारता कात्री चालवायची त्यांना सवय होती.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला नाटक होतं. मंडळाची सेक्रेटरी नीना संध्याकाळी इटालियनच्या क्लासला जायची. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या इटालियन गोष्टींच्या धर्तीवर तिनं ते लिहिलं होतं. त्या गोष्टींत म्हणे माणसाला चेहरा नसतोच, कपडेच असतात. सरदारानं भिकाऱ्याच्या चिंध्या पांघरल्या की सख्खी बायको त्याला शिळी भाकरी वाढते. बायकोनं पुरुषी अंगरखा चढवला की नवरा तिला चाकरीला ठेवतो. आमच्या नाटकात घरातून हाकललेला मुलगा साधू होऊन दारी येतो. बाप त्याला न ओळखता जेवू घालतो आणि हरवलेल्या मुलासाठी त्याच्यापाशीच रडतो. मग साधूच्या झग्याला जोडलेली टोपी मागे सरते, दोघं गळ्यात पडतात आणि पडदा पडतो. मी नव्हे, दुसरा.

यमुनाबाईंनाही असा एक मुलगा होता, मिलिंद. डॉक्टरकी तिसऱ्या वर्षी सोडून तो मिल्टन कीन्सला बस चालवू लागला. त्याचे वडील जयंतराव तोवर अख्ख्या मंडळाला ‘आमचे डॉक्टर’ सांगून बसले होते. त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं, त्याला चार वर्षं झाली होती. साधूचं काम मिलिंदला द्यायचं आणि जयंतरावांना पहिल्या रांगेत बसवायचं, असा यमुनाबाई आणि नीना यांचा कट होता.

चार वर्षांत मुलाचं माप कुणी घेतलेलं नव्हतं. यमुनाबाईंनी मला अंदाजानं बेतलं आणि शिवणीत चार बोटं कापड दाबून ठेवलं, वाढत्या अंगाचं.

“काकू, साधू अजून शाळेत जातो का?” नीनानं विचारलं.

“असू दे गं. बसमध्ये बसून बसून सुटला असेल.”

प्रयोग रंगला. टोपी इतकी पुढे ओढलेली की मिलिंदची हनुवटीच दिसत होती. जयंतराव बायकोकडे वळून म्हणाले, “कोण गं हा? आवाज काय स्वच्छ आहे.” मला स्टेजवर ऐकू आलं. टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या. मग टोपी मागे सरली. जयंतराव उठले, मफलर नीट केला, “गाडी काढतो,” म्हणाले आणि गेले. स्टेजवरचा बाप तेवढा ठरल्याप्रमाणे रडत राहिला. त्याला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

मला घराच्या माळ्यावर, लॉफ्टमध्ये टाकलं. डांबरगोळ्या आणि ओल यांच्या संगतीत मी पाच वर्षं काढली.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात जयंतरावांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी, म्हणजे इतरांच्या मुलांनी, महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची सुरू केली. त्यांचे पाय गार पडत, म्हणून यमुनाबाईंनी मला खाली आणून पायांवर घातलं. जयंतराव मला बराच वेळ चाचपत राहिले.

“तुम्ही त्याला खरंच ओळखलं नव्हतं का हो?” यमुनाबाईंनी विचारलं.

“पहिल्या वाक्याला ओळखलं. म्हणून तर टाळ्या वाजवल्या.”

“मग उठून का आलात?”

“त्यानं टोपी काढली ना. मग बापासारखं वागावं लागलं.”

यमुनाबाईंनी जिन्यात जाऊन फोन केला. शनिवारी मिलिंद आला आणि खोलीच्या दाराबाहेरच थबकला. आईनं मला त्याच्या हातात दिलं.

“हा चढव. टोपी ओढून घे.”

“आई, काहीतरीच काय.”

“चढव म्हणते ना.”

तो आत गेला. जयंतरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

“या महाराज. कुठून आलात?”

“मिल्टन कीन्सहून.”

“मोटरवेला ट्रॅफिक असेल.”

“होता थोडा.”

“जेवलात?”

“नाही अजून.”

“यमुना, महाराजांना वाढ.” मग ते म्हणाले, “मला एक मुलगा आहे. बस चालवतो. चांगली चालवतो म्हणतात.”

“हो,” मिलिंद म्हणाला. “वेळेवर असतो.”

माझ्या टोपीची कड आतून ओली झाली. मी कुणाला सांगितलं नाही.

असे तीन शनिवार झाले. टोपी एकदाही सरली नाही. चौथ्या शनिवारी महाराजांना बोलवायचं कारण उरलं नाही. अंत्यविधीला मिलिंदनं काळा सूट घातला होता. त्यात तो मुलगाच दिसत होता. सगळ्यांनी ओळखलं.

आता मी त्याच्या कपाटात असतो. मित्रांनो, माझ्यासारख्यानं शेवटी काही मागायचं असतं. जुन्या कपड्यांना ऊन दाखवा, कसरीपासून जपा, हे आहेच. पण तुमच्या घरी कुणी कुणाशी बोलत नसेल, तर मला घेऊन जा. मी कुणाच्याही अंगाला होतो. फक्त जरा लवकर न्या. तीन शनिवार पुरत नाहीत.