मोरीतलं इटालियन

डोक्यावर तांब्या ओतून रमाकांतने घसा खाकरला आणि मोरीतूनच सुरुवात केली. "लावोरो, लावोरी, लावोरा." मी काम करतो, तू करतोस, तो करतो. वर्तमानकाळ आता तोंडात बसला होता. भूतकाळही कसाबसा निभावला. भविष्यकाळात पाय घसरला.

"लावोरारो..."

"लावोरेरो," स्वयंपाकघरातून मालतीचा आवाज आला. लाटणं थांबलंसुद्धा नव्हतं. "अहो, भविष्यात त्या आ-चा ए होतो. पार्लारेचंही तेच, पार्लेरो. कालही इथेच अडलात."

रमाकांतने साबण आपटला.

मसाटच्या सूत कारखान्यात इटलीहून नवं मशीन आलं होतं. ते बसवायला आलेला ब्रुनो परत जाण्याआधी एक नाव सुचवणार होता. त्या माणसाला शिकायला सहा महिने इटलीला धाडायचं ठरलं होतं, पण ब्रुनोची भाषा यायला हवी, ही अट. मेंटेनन्सचा सुपरवायझर रमाकांत इरेला पेटला. पुस्तक धरून प्रश्न विचारायला त्यानेच बायकोला समोर बसवलं. घोकून घोकून त्याचा जीव मेटाकुटीला आला आणि क्रियापदं पाठ झाली तिला. मेथी निवडता निवडता ती शेवट बदलत जायची, माहेरच्या माणसांची नावं घ्यावीत तशी. तिला कुठे जायचं नव्हतं. तरी येत होतं. हे त्याला रात्रंदिवस सलत होतं.

रविवारी ब्रुनो जेवायला येणार होता. रमाकांतने आधीच बजावलं,

"त्याच्यापुढे तुझं इटालियन काढू नकोस."

"मी कशाला काढू?"

"राहवत नाही तुला. कौतुकाची हौस फार."

मालतीने सुरमईला मीठ चोळलं.

ब्रुनो हाताने जेवला, बोटं चाटली, मग रमाकांतला इटालियनमध्ये विचारलं, की तुला तिकडे नेलं तर काय करशील?

"लावो..." रमाकांत अडला आणि त्याने वर पाहिलं.

आमटीचा डाव हातात घेऊन मालती ब्रुनोच्या मागे उभी होती. तिचे ओठ नुसते हलले.

"लावोरेरो," रमाकांत म्हणाला. मी काम करीन.

ब्रुनोने खुशीत मान डोलवली. मग रमाकांतच्या नजरेचा माग काढत तो मागे वळला, आणि मालतीकडे हसून बघत तिलाच विचारलं, तुम्हीही बोलता?

"नो, नो," रमाकांत घाईघाईने म्हणाला.

मालतीने नवऱ्याकडे पाहिलं. "भात वाढू का, विचारा त्यांना," ती मराठीत म्हणाली.

निघताना ब्रुनोने रमाकांतचा हात दाबला, नाव पक्कं असल्याचं सांगितलं. त्याला अथालला त्याच्या मुक्कामी सोडून रमाकांत परतला तो धुमसतच.

"ओठ हलवायची काय गरज होती? येत होतं मला. आणि तो बघत काय होता तुझ्याकडे?"

"बरं," मालती म्हणाली. पुस्तक तिने त्याच्या कारखान्याच्या पिशवीत ठेवून दिलं होतं.

सोमवारी मोरीत त्याने दुसरं क्रियापद घेतलं. पार्लो, पार्ली, पार्ला. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. भविष्यकाळ आला.

"पार्लारो," तो म्हणाला आणि थांबला. काहीतरी खटकलं. त्याने नळ बंद केला.

स्वयंपाकघरात लाटणं चालू होतं.

"पार्लारो," तो मोठ्याने म्हणाला.

लाटणं चालूच राहिलं.