खिळ्यावरची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. खरं तर वाजायचं माझं काम. पण मी वाजले तरी कुणी आलं नाही, म्हणून आज बोलावं लागतंय.

आमच्या गल्लीत चोऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. तेव्हा चौकीतल्या हवालदारांनी सगळ्यांना मास्तरांच्या अंगणात जमवून घरटी एकेक शिट्टी वाटली. "एकाने वाजवली की सगळ्यांनी वाजवायची आणि दाराबाहेर यायचं. आम्ही पोचतोच," ते म्हणाले. मी शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या वाट्याला आले. त्यांनी मला मशीनच्या वर खिळ्याला अडकवलं.

काय दिवस होते ते! एकदा भरदुपारी चोर भिंतीवरून उतरला आणि अख्खी गल्ली शिट्ट्या फुंकत त्याच्या मागे. मेल्याला पळता भुई थोडी झाली. हवालदार आणि मास्तरांचा पेपरात फोटोसुद्धा आला.

मग एकदा ताईंच्या नवऱ्याने त्यांच्यावर हात उगारला. ताईंनी मला फुंकलं. सगळे धावले, हवालदारही आले. नवरा हसत म्हणाला, "अहो, नवरा-बायकोचं आहे हे!" आलेले सगळे ओशाळून परतले.

पुढच्या बैठकीत मास्तरांनी ठरवूनच टाकलं, "घरगुती भांडणात शिट्टी वाजवायची नाही. पोलिसांना उगाच हेलपाटे." हवालदारांनी मान डोलावली. मागे उभ्या असलेल्या ताईंना कुणी काही विचारलंही नाही. इतका राग आला मला! पण फुंकल्याशिवाय माझा आवाज निघतो थोडाच?

परवा दुपारी ताईंनी मला खिळ्यावरून ओरबाडून काढलं आणि जीव एकवटून फुंकलं. शेजारून मास्तरांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, शिट्टी वाजतेय!"

"ताईंकडची आहे," मास्तर म्हणाले. "त्यांच्या घरातलं आहे. खिडकी लाव."

खिडकी लागली. मी आणखी एकदा वाजले, अर्धवट. मग ताईंच्या ओठांतून खाली पडले. त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

नवरा कोठडीत आहे. मी चौकीच्या कपाटात, पुराव्याच्या पाकिटात. पाकिटाला लाख हवालदारांनीच लावली. समोर बाकावर मास्तर एकच घोकत होते, "आम्हाला वाटलं, नेहमीचंच असेल."

"मला ऐकू आली असती, तरी मीही तुमच्यासारखाच बसून राहिलो असतो, मास्तर," हवालदार म्हणाले. "मान मीच डोलावली होती."

माझ्या बहिणी अजून गल्लीत घरोघरी खिळ्यांवर आहेत. त्यातली एखादी वाजली, तर पाया पडते तुमच्या, कुणाच्या घरातली ते विचारत बसू नका. आधी दार उघडा.