धाकट्याचं पान

एलिनामी कोट घालून दारात उभा राहिला तेव्हा मी मोड आलेल्या नाचणीची पेज ढवळत होते. तो कोट मी त्याच्या अंगावर फक्त नाताळात आणि मयताला पाहिला होता. मी म्हटलं, "लग्नाला निघालास काय रे, या वयात?" एरवी तो अशा बोलण्यावर हसायचा. आज हसला नाही.

"दादानं बोलावलंय," तो म्हणाला. "वहिनी स्वतः आली होती सांगायला. केळ्याची दारू घेऊन ये म्हणाली, पानाबरोबर लागेल म्हणून."

मी डाव खाली ठेवला. पान म्हटल्यावर दुसरं काही सुचेचना. मी चांगल्यातला भोपळ्याचा तुंबा काढला, कालची मुरलेली दारू त्यात ओतली आणि म्हटलं, चल, मी पण येते. त्यानं नको म्हटलं नाही. माझ्या दारूच्या झोपडीत बसून साऱ्या गावानं ज्याची वाट पाहिली होती ती गोष्ट माझ्याशिवाय घडावी हे मला खपलं नसतं.

आमच्या डोंगरावर इसालेचं झुडूप कुणाच्या बांधावर नाही असं होत नाही. मक्यासारखी लांब पानं, पांढऱ्या फुलांचे घोस, आणि काडी मोडून कुठंही खोचली तरी जगणारं. हद्दीला तेच लावायचं, थडग्याच्या उशालाही तेच. आणि आपण कुणाचं वाईट केलं असेल तर त्याच्याकडे इसालेचंच पान मधे गाठ मारून धाडायचं. समोरच्यानं दोन्ही हात पुढे करून ते घेतलं की वैर संपलं. आलेलं पान परत पाठवायची छाती कुणाला होत नाही. मात्र पान घेऊन आपण स्वतः जायचं नसतं. ज्याचं कुणाशी वाकडं नाही असा मधला माणूस लागतो.

आमच्याकडे तो माणूस म्हणजे एलिनामी. पोटापाण्याला तो पाट साफ करायचा, गाळ उपसायचा, चर्चच्या मागच्या खोलीत एकटा राहायचा. पण बायकोला मारणारे, दुसऱ्याच्या गाईला विष घालणारे, भर बाजारात आईला शिव्या देणारे, सगळे शेवटी त्याच्याकडे यायचे. तो पान घ्यायचा, "शब्द काय सांगायचे?" एवढंच विचारायचा आणि तेच शब्द तिकडे जाऊन सांगायचा. मी त्याला कितीदा म्हटलं, गावाची घाण तू कशाला वाहतोस? तो म्हणायचा, पाटातली काढतोच की.

त्याच्या स्वतःच्या वाटणीचं पान मात्र कधी आलं नव्हतं. आमच्यात धाकट्या मुलाला बापाचं घर मिळतं आणि आईही त्याच्याकडेच राहते. एलिनामी खाली मैदानात ऊसतोडीला गेला असताना आई गेली. थोरला न्देसारिओ, त्यानं निरोप धाडला नाही. केळ्यांचा ट्रक रोज खाली जायचा, ड्रायव्हरच्या कानात एक शब्द टाकला असता तरी पुरलं असतं. पण धाकटा मातीला हजर असता तर वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर घर त्याचं म्हणून सांगितलं असतं. न्देसारिओनं आईला पुरलं आणि त्याच आठवड्यात हद्दीवरचं इसाले उपटून बापाच्या घरापलीकडे नेऊन लावलं. एलिनामी परत आला तेव्हा आईच्या उशाच्या काडीला फुटवे आले होते. त्यानं पंचायत बोलावली नाही की आरडाओरडा केला नाही. दादाकडून पान येईपर्यंत ते कुंपण ओलांडणार नाही, एवढं बोलला. नंतर त्याचे केस पांढरे झाले, दात पडले, आणि रोज पाटावर जाताना तो त्या कुंपणाला वळसा घालून जात राहिला.

आता न्देसारिओचं पोट फुगलं होतं. खालच्या दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं होतं. माणूस मरायला टेकला की त्याला आपली चूक आठवते, मग मधला माणूस नसला तरी चालतं, असं मी स्वतःला समजावत चालले होते.

कुंपणाशी एलिनामी थांबला. कोटाची बटणं चाचपली. मग पाय उचलून आत टाकला, आणि मला उगाचच रडू आलं.

न्देसारिओ खाटेवर पडला होता. बाकी सगळा माणूस आटला होता, पोट तेवढं उरलं होतं. त्याची बायको सिफाएली भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"आलास, धाकट्या."

"आलो, दादा."

"आईच्या उशाचं पान तोडून आण. मला उठवत नाही. एका पोटच्यानं तोडलं तर चालतं."

एलिनामी मागच्या अंगाला गेला. मी दारातून बघत होते. आईच्या थडग्यावरचं झुडूप त्याच्याहून उंच झालं होतं. त्यानं बुंध्याला हात लावला. मग एक पान तोडलं, कोटाच्या बाहीनं पुसलं आणि आणून भावाला दिलं. न्देसारिओनं ते बोटांत वळवून पाहिलं. गाठ बसेना. एलिनामीनं मदत केली नाही, कारण गाठ ज्याची चूक त्यानंच मारायची असते. अखेर गाठ बसली. एलिनामीनं दोन्ही हात पुढे केले. मीसुद्धा तुंबा पुढे सरकवला, दोघा भावांना एकातूनच प्यायला देईन म्हणून.

न्देसारिओनं त्या हातांवर पान ठेवलं.

"शिरिमाकडं ने," तो म्हणाला. "म्हणावं, पाण्याचं माझं चुकलं. मडक्याचा शाप मागं घे."

शिरिमाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. न्देसारिओनं त्याच्या पाळीचं पाणी आपल्या कॉफीच्या मळ्याकडे वळवलं होतं आणि वर त्यालाच चोर ठरवलं होतं. म्हाताऱ्या शिरिमानं तेव्हा भर रस्त्यात न्देसारिओच्या नावानं शाप देऊन मडकं फोडलं होतं. पोट का फुगलंय, हे न्देसारिओनं आपल्या परीनं शोधून काढलं होतं.

एलिनामीचे हात तसेच पुढे राहिले.

"आणखी काही शब्द?"

"नाही. एवढंच."

"आणखी कुणाकडं न्यायचंय?"

हा प्रश्न त्यानं आजवर कुणालाच विचारला नव्हता. न्देसारिओनं डोळे उघडले. तो खरोखर आठवत होता, हे मी पाहिलं. सोंग असतं तर मला बरं वाटलं असतं.

"आणखी कुणाचं काय केलंय मी?" तो म्हणाला.

सिफाएलीनं पदराचं टोक तोंडात कोंबलं. एलिनामी वळला आणि बाहेर पडला.

रस्त्यात माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. ते पान पाटात फेक म्हटलं. तुझ्या दादाला शिरिमाच्या मडक्याची भीती वाटली म्हणून शिरिमाला पान, तू कधी मडकं फोडलं नाहीस म्हणून तुला काही नाही. ज्याचा धाक नाही त्याची माफी कोण मागतो? एलिनामी पुढे चालत राहिला. पान ओलं आहे तोवर पोचलं पाहिजे, एवढंच म्हणाला.

शिरिमा गोठ्यात गाईपुढे केळीचे खुंट चिरून टाकत होता. त्यानं आधी पानाकडे पाहिलं, मग एलिनामीच्या तोंडाकडे.

"तुझं दिलं का त्यानं?"

"पाण्याचं माझं चुकलं, असं दादानं सांगितलंय. मडक्याचा शाप मागं घे म्हणतो."

"मी काय विचारतोय?"

"काका, हात पुढं करा. पान सुकतंय."

म्हाताऱ्यानं कोयता खाली ठेवला, हात लुंगीला पुसले आणि पुढे केले. "त्याच्यासाठी घेत नाही," तो म्हणाला. माझ्या तुंब्यातली दारू आम्ही तिघं प्यालो. ती मला कडू लागली, आणि माझ्या दारूला नावं ठेवणारी मी पहिलीच.

पान पोचलं, शाप गेला, आणि न्देसारिओ त्याच शनिवारी मेला. माती लोटण्याआधी आमच्यात एक वडीलधारा पुढे येऊन विचारतो, या माणसाकडे कुणाचं काही राहिलंय का, असेल तर आत्ताच बोला, मग बोलता येणार नाही. सगळे एलिनामीकडे बघत होते. शिरिमा तर उघड उघड बघत होता. न्देसारिओची पोरं खाली मान घालून उभी होती.

"नाही," एलिनामी म्हणाला. "माझं काही नाही."

मग उशाशी इसालेची काडी खोचायची वेळ आली. ते काम धाकट्या भावाचं. त्यानं ती खोचली, टाचेनं माती दाबली, ओंजळीनं पाणी घातलं. चांगली लावली. जगणार होती ती.

संध्याकाळी तो माझ्या झोपडीत आला आणि नेहमीच्या जागी चटईवर बसला. बाकी कुणी आलेलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी मागच्या बांधावर गेले, एक पान ओरबाडलं, गाठ मारली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिले.

"न्देसारिओनं दिलंय," मी म्हटलं. "त्या दिवशी तू मागं गेला होतास ना, तेव्हा माझ्याकडं दिलं. धाकट्याला दे म्हणाला."

पान ओलं होतं. त्याच्या देठातून अजून पाणी सुटत होतं. आंधळ्यालाही कळलं असतं की ते आत्ताच तोडलंय. एलिनामीनं ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"शब्द काय सांगितले?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. म्हटलं, दादा म्हणाला, धाकट्याला सांग... आणि पुढे काही येईना. गावात माझ्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नाही, आणि मला चार शब्द सापडेनात. त्याच्या हातांवर पाटाच्या गाळाच्या जुन्या भेगा होत्या. ते हात तसेच पुढे होते. तो खरंच थांबला होता.

पान माझ्या हातातून चटईवर पडलं.

एलिनामीनं हात खाली घेतले. "भर," तो म्हणाला. मी तुंबा भरून दिला. तो हळूहळू प्याला, तुंबा पालथा घातला आणि उठला. जाताना पान त्याच्या वाटेतच होतं. त्यावर पाय पडू नये म्हणून तो भिंतीच्या कडेनं, वळसा घालून, दाराबाहेर गेला.