एकसष्टावा दात

पहिला दात चौतीस मिलिमीटर जाड भरला. दुसरा त्याहून केसभर कमी. सत्तावीस दात मोजून झाले तरी फरक अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाईना. एकोणीस वर्षं एकमेकांवर घासलेलं लाकूड इतकं सारखं झिजत नाही. मी व्हर्नियर पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"दातांच्या डॉक्टरीणबाई, झालं का?" वरून आत्या ओरडली. "मला पाणी सोडायचंय. बेकरीवाला दुपारी येतोय."

"थांब ना, पुन्हा मोजतेय."

"मोज, मोज. एकसष्टच निघतील."

पाणचक्कीच्या दारावर नगरपालिका फलक लावणार होती आणि त्यावरचा बारा ओळींचा इतिहास माझ्याकडे आला होता. दहा ओळी झाल्या होत्या. पाण्याच्या आसावरचं हे मोठं लाकडी चाक वीस दातांच्या लहान चाकाला फिरवतं, त्यावर जात्याची वरची दगडी तळी फिरते, हे लिहून झालं होतं. मोठ्या चाकाला बरोबर तिप्पट, साठ दात हवेत. मूळ सुतार मोजताना पेंगला आणि एकसष्ट झाले, ही घरातली जुनी थट्टा मात्र मी लिहिली नव्हती. आमच्याकडे जे काही जास्तीचं, ते एकसष्टावं. चार भावंडांनंतर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना जन्मलेली आत्याही त्यातच जमा झाली. बाबा अजून तिला त्याच नावानं हाक मारतात.

"एकसष्टे, बॅग भरलीस का?" बाबा गाडीतून उतरताच म्हणाले.

"ती एकतीस वर्षं भरलेलीच आहे," आत्या म्हणाली.

हे खरं होतं. आजोबांचा हात थरथरू लागला तेव्हा ती दोन महिन्यांसाठी म्हणून आली. कपड्यांची पेटी तिनं कधी रिकामी केली नाही. कपडे त्यातूनच काढायची, धुऊन त्यातच ठेवायची. बाबा दरवर्षी न्यायला यायचे आणि ती म्हणायची, "एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू." यंदा बाबांनी शहरातल्या घरी तिच्यासाठी खोलीला रंग दिला होता, खिडकीला पडदे लावले होते. आत्या निघाली तर चक्कीला कुलूप लागणार होतं. लोक काचेतून बघणार, चाक फिरणार नाही. नगरपालिकेला उत्तर आज हवं होतं.

"आता पासष्टीला आलीस," बाबा म्हणाले. "पोती उचलायचं वय आहे का हे?"

"पोती बेकरीवाला उचलतो. मी त्याला बोलणी ऐकवते. सरक बाजूला."

मी चाकापासून वर आल्याचं पाहून तिनं पाटाची फळी वर ओढली. आधी पाण्याचा आवाज आला, मग आसाचं कण्हणं, मग सगळी जमीन पायांखाली गुणगुणू लागली. आत्यानं चिमूटभर पीठ अंगठ्यावर घासलं, तळी किंचित उचलली, पुन्हा घासलं. बाबांना सटासट सात शिंका आल्या.

"लहानपणीही असाच शिंकायचा," ती आनंदानं ओरडली. "म्हणून तर पळाला शहरात!"

बाबा डोळे पुसत हसत सुटले. त्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या.

मला राहवेना. "बाबा, तो सुतार पेंगला नव्हता!" मी आवाजावर आवाज चढवून सांगितलं. "साठ आणि वीस असते, तर प्रत्येक दाताची गाठ दर फेरीला त्याच दाताशी पडली असती. एखादा खडबडीत निघाला की त्यानं समोरच्याला खाल्लंच म्हणून समजा. एकसष्ट असल्यामुळे दर फेरीला जोडीदार बदलतो. वीस फेऱ्यांत प्रत्येक जण प्रत्येकाला भेटतो. म्हणून सगळे सारखे झिजलेत. त्यानं एक दात मुद्दाम जास्तीचा घातलाय."

बाबा खाली वाकून चाकाकडे बघत राहिले. "म्हणजे इतकी वर्षं आपण त्या बिचाऱ्याला उगाच हसलो?"

"तुम्ही हसलात," आत्या म्हणाली. "एकोणीस वर्षांपूर्वी हे नवं चाक केलं तेव्हा तूच सांगितलं होतंस, दादा, की आता तरी साठ कर. मी तीनदा मोजून एकसष्ट केले."

"तुला हे गणित ठाऊक होतं?"

"गणित कुठलं! कानाला ठाऊक होतं. चाक एका जागी अडखळायचं नाही. जे नीट चालतंय, त्यातलं काही कशाला काढायचं?"

बेकरीवाला पोती घेऊन गेला. फळी खाली आली, चाक थांबलं. अचानक पाखरं ऐकू येऊ लागली. आत्या आपल्या पेटीवर बसली, पीठभरले हात मांडीवर उलटे ठेवून.

"वाच बघू तुझा इतिहास," ती म्हणाली.

मी वाचला. पणजोबा, पूर, नवी तळी, आजोबा. अकरावी ओळ आत्ताच लिहिली होती, जरा घाबरतच: 'सध्या ही चक्की त्यांची धाकटी कन्या सांभाळते.'

"बारावी?"

"ती तुमचं ठरल्यावर."

बाबांनी गाडीची किल्ली खिशातून काढली, पुन्हा खिशात टाकली.

आत्या उठली. पेटीचं झाकण उघडून तिनं घडी घातलेल्या साड्यांचा गठ्ठा उचलला आणि भिंतीतल्या फडताळात, आजोबांच्या टाकीहातोडीशेजारी, ठेवून दिला. मग माझ्याकडे वळली.

"त्यातलं 'सध्या' खोड. आणि 'सांभाळते' नको, 'चालवते' लिही." मग बाबांकडे बघून, नेहमीच्या आवाजात, "दादा, मी येत नाही. ही चक्की माझी आहे."