दारावरचा पट्टा
भूकंपात गवंड्याच्या बहिणीचं घर पडलं आणि त्याखाली तिचा नवरा गेला, त्याला दोन महिने झाले होते. ते घर गवंड्याने स्वतः बांधलेलं, धाकट्या बहिणीचं म्हणून जीव ओतून. "दादाच्या हाताला दोष नाही, जमीनच हलली," असं ती येईल त्याला सांगायची, आणि ते ऐकताना गवंड्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घर पुन्हा उभं करायला कॉलेजची आठ पोरं आली. उत्साह दांडगा, पण थापी कशी धरायची याचा पत्ता नाही. "माल कालवताय की चिखलात खेळताय?" गवंडी म्हणायचा, आणि पोरं हसायची.

तिसऱ्या दिवशी ढिगारा उपसताना त्यांच्यातली एक चष्मेवाली मुलगी थांबली. ती बांधकामाचंच शिकत होती. "काका, दारं-खिडक्यांच्या वरून भिंतभर काँक्रीटचा पट्टा असतो ना, भूकंपात भिंती धरून ठेवणारा? त्याची एकही सळई कशी सापडत नाही?"

पलीकडे विटा साफ करणाऱ्या बहिणीचा हात थांबला.

'भंगारवाल्याने नेली असेल' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द जिभेवर आलेही. पण बहीण त्याच्याकडे बघत होती, त्याचीच बाजू घ्यायच्या तयारीने.

"घातलाच नव्हता," तो म्हणाला. "दुसरं काम तोंडावर आलं होतं. चार दिवस वाचवले."

"ह्यांना माहीत होतं?" बहिणीने विचारलं.

"नाही. भावजींनी विचारलं, तेव्हा घातलाय म्हणालो."

ती रडली नाही, ओरडली नाही. हातातली वीट खाली ठेवून चष्मेवालीला म्हणाली, "पोरी, त्यांना सांग, माझ्या जागेतून बाहेर व्हा." जन्मभर त्याला 'दादा, तू' म्हणणारी ती.

भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरीचा ओळंबा चष्मेवालीच्या हातात देऊन गवंडी रस्त्यापलीकडे जाऊन बसला. रोज तो तिथेच बसू लागला. आठवड्याने नवी भिंत कलायला लागली, तसं त्याला राहवेना. "अगं, डावीकडे! दोरी स्थिर होऊ दे, मग बघ!"

पोरांनी बहिणीकडे पाहिलं. ती पाठ फिरवून विटा भिजवत राहिली. नको म्हणाली नाही.

तीन आठवडे असंच चाललं. पट्ट्याच्या सळया बांधल्या, त्या दिवशी तिने प्रत्येक सळई हाताने ओढून पाहिली, मगच काँक्रीट ओतू दिलं.

निघताना चष्मेवाली रस्ता ओलांडून आली. "काका, मी विचारायला नको होतं."

"तू विचारलंस ते बरं झालं," तो म्हणाला. "आपणहून सांगायला मला कधी जमलं नसतं."

पोरांची बस गेली. बहीण नव्या घरात शिरली. त्याने हाक मारली. आतून कडी लागली.