मास्तरांच्या हजेरीपटातली खाडाखोड

महादेवराव मास्तरांच्या हजेरीपटात खाडाखोड आहे, असं कोणी सांगितलं असतं तर अकोल्याच्या जुन्या शहरात त्याला लोक हसले असते. तिथल्या हायस्कुलात आठवी 'ब'चा पट म्हणजे बघत राहावं असं अक्षर. तपासणीला साहेब आले की हेडमास्तर आधी तोच पुढं करत. मास्तर तसे नाकावर राग घेऊन फिरणारे, छडीला आळस नाही. पण पटावर शाईचा ठिपका पडला तर त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. असते एकेकाची हौस.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात याच हौसेनं घात केला. वडलांची बदली झाली म्हणून विश्वंभर नावाचा पोरगा परतवाड्याला गेला. दर महिन्याला पटाचं नवं पान लिहायचंच असतं. मास्तरांनी विश्वंभरचं नाव गाळलं आणि त्याच्या खालच्या सगळ्यांना एकेक नंबर वर घेतलं. पान कसं झकास दिसत होतं. पोरांना नवे नंबर सांगितले, त्यांनी पाठ केले. एक श्रावण सोडून.

श्रावण चौदा वर्षांचा, चांगला उंच. कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवायचा, पण "जेवलास का" विचारलं तर भिंतीकडे बघायचा. अशा पोराला काय म्हणतात, ते तेव्हा अकोल्यात कोणाला ठाऊक होतं? कोणी येडा म्हणे, कोणी लाडावलेला. तरी शाळा उघडल्यापासून गडी रोज सतरा नंबरला "हजर" म्हणत होता आणि गुपचूप बसत होता.

एक तारखेला मास्तरांनी "सतरा" पुकारलं आणि दोन आवाज आले.

"श्रावण, तू आता सोळा. खाली बस."

तो बसला नाही. त्यानं कपाळ बाकावर आपटलं, मनगट दातात धरलं आणि असा ओरडला की शेजारच्या वर्गातली कविता थांबली. मास्तरांनी दोन छड्या दिल्या, मग तर दौतही फुटली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी सांगून टाकलं, "शनिवारी याच्या आईला बोलवा नि दाखला हातात द्या. मला शाळा चालवायची आहे."

शुक्रवारी संध्याकाळी मास्तर स्वतःच निरोप घेऊन गेले. आई चतुराबाई जिनिंगातून नुकतीच आली होती, केसांत कापूस तसाच. दाखल्याचं ऐकलं आणि ती उंबऱ्यातच बसली.

"दाखला नोका देऊ जी. आमच्या घरातून आठवीले गेलेला हा पयलाच हाये. घरी बसला तं याचं काय होईन?"

"घरीही असंच करतो का?"

"रोज कायले करन? त्याचा पाट एका जागी लागते, गिलास एका हाताले. मांगं पावनी आली, तिनं पाट इकडचा तिकडं केला, तं असाच डोकं आपटून राहिला होता. म्या पाट जागच्या जागी ठेवला. झालं, जेवला."

श्रावण कोपऱ्यात बसला होता. "विश्वंभर सोळा. श्रावण सतरा," तो म्हणाला, आणि पुन्हा तेच म्हणाला. त्याच्या मनगटावर त्याच्याच दातांचे वळ होते आणि तळहातावर मास्तरांच्या छडीचे.

मास्तरांच्या ध्यानात आलं. पाट आपणच हलवला आणि वर पोरालाच बडवलं. वीस वर्षांच्या नोकरीत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा. मास्तर घंटेच्या आधी येऊन बसले आणि ते देखणं पान त्यांनी नासवलं. पंधराच्या खालचा एकूणएक नंबर तांबड्या शाईनं खोडला, शेजारी जुना लिहिला, प्रत्येक ठिकाणी सही केली. मधल्या चिंचोळ्या जागेत विश्वंभरचं नाव कोंबलं, पुढं 'शाळा सोडली'. हेडमास्तरांनी पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"महादेवराव, तपासणीला मी हे दाखवू?"

"दाखवा. चूक माझी होती, दुरुस्त केली म्हणावं."

"आणि आजही तो ओरडला तर?"

"तर दाखला मी माझ्या हातानं लिहीन."

चतुराबाई येऊन व्हरांड्यात उभी राहिली होती. मास्तर वर्गात शिरले ते थेट श्रावणच्या बाकापाशी गेले. "श्रावण, तू सतराच. मी चुकलो होतो. सगळ्यांचे नंबर पुन्हा जुनेच," ते सगळ्या पोरांदेखत म्हणाले. श्रावण खिडकीकडे बघत राहिला.

"पंधरा."

"हजर."

"सोळा."

श्रावणचं मनगट तोंडाकडे निघालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तो परतवाड्याले गेला, गुरुजी." कोणी हसलं नाही.

"सतरा."

मनगट अर्ध्यावर थांबलं. "हजर," श्रावण म्हणाला आणि खाली बसला.

मास्तरांनी पुढचे सगळे नंबर पुकारले. बाहेर आले तर चतुराबाई भिंतीला टेकून रडत होती.

"बाई, आता कशाला रडता? बसला तो."

"सा महिने झाले शाळेत धाडून राहिली," ती म्हणाली, "पन पुकारलं तं तो इथं ओ देते, हे मले कोणी सांगितलंच नाई."

मास्तरांना चष्मा पुसावा लागला. "सोमवारी पुन्हा या," ते म्हणाले. "सव्वाअकराला हजेरी असते."